यंत्र चालविणारा आणि यंत्र रचणारा

1712 साली इंग्लंडातील डडली गावाजवळ टॉमस न्यूकोमेन याने खाणीतील पाणी उपसण्यासाठी वाफेचे एंजिन उभे केले. त्याच्या झडपा उघडण्यामिटण्यास माणूस उभा करावा लागे, असे सांगतात, आणि त्या कामावर हंफ्री पॉटर नावाचा एक पोरगा नेमलेला होता. त्याला खेळावयास जावयाचे होते. त्याने झडपांना दोऱ्या बांधून त्या एंजिनच्याच हलत्या दांड्याला जोडल्या व तो पसार झाला. यंत्र मात्र आपले आपण चालू राहिले. ही गोष्ट खरी असण्याचा संभव फार थोडा आहे. तरीही ती पिढ्यानपिढ्या सांगितली गेली, कारण यंत्राशेजारी आठ-दहा तास उभा राहणारा मनुष्य त्या यंत्राविषयी असे काही जाणतो की जे ते रचणाऱ्यालाही ठाऊक नसते, ही समजूत लोकांच्या मनात खोलवर रुजलेली होती.

आज एखाद्या सुशिक्षित घरात यंत्रांची आवड असलेला मुलगा वा मुलगी वयात आली म्हणजे ह्याच समजुतीची कसोटी लागते. वीजकेंद्रात किंवा तेलशुद्धीच्या कारखान्यात पाळीवर यंत्रचालक म्हणून लागावे, की चार वर्षे घालवून एंजिनिअरची पदवी घ्यावी? पहिल्या मार्गाने पगार लवकर हाती येतो, पण रात्रपाळी जन्माची सोबतीण होते. दुसऱ्याने प्रतिष्ठा लाभते, पण यंत्रापेक्षा कागदाशीच अधिक सहवास घडण्याचा धोका असतो. घरातील वडील मंडळी बहुधा हा प्रश्न एकाच जिन्याच्या खालच्या व वरच्या पायरीचा समजून सोडवितात. दीडदोनशे वर्षांपूर्वी हा जिना बांधला जात असताना ज्याने तो स्वतः चढून पाहिला, त्या जॉर्ज स्टीफन्सनचे चरित्र पाहता मात्र प्रश्न इतका सोपा नव्हता असे दिसते.

जॉर्जचा जन्म 9 जून 1781 रोजी न्यूकॅसलजवळच्या वायलम खेड्यात झाला. बाप खाणीवरील एंजिनच्या भट्टीत कोळसा घालणारा. मुलांना शाळेत घालण्याची ऐपत नाही. सतराव्या वर्षी जॉर्ज ‘प्लगमन’ झाला, म्हणजे पाणी उपसणाऱ्या एंजिनचा राखणदार. एंजिन नीट चालते की नाही हे पाहावयाचे, आणि खाणीतील पाणी उतरून पंपाच्या नळाची भोके उघडी पडली की विहिरीच्या तळाशी उतरून ती बुजवावयाची, हे त्याचे काम. त्याच एंजिनवर बाप भट्टीवाला होता. म्हणजे मुलगा बापाहून वरच्या जागी चढला होता. सुट्टीच्या दिवशी इतर कामगार करमणुकीस जात तेव्हा हा एंजिनचे भाग सुटे करून पुसून पुन्हा जोडीत बसे. लिहितावाचता मात्र त्याला येत नव्हते. अठराव्या वर्षी रात्रीच्या शाळेत जाऊन तो अक्षरे व अंकगणित शिकला. हिशेबाची उदाहरणे पाटीवर लिहून घ्यावयाची आणि एंजिनशेजारी फावल्या वेळात सोडवावयाची, असा त्याचा क्रम होता. पुढे तो ‘ब्रेक्समन’ झाला. माणसे व कोळसा वर ओढणारे एंजिन नेमक्या क्षणी थांबविण्याचे हे काम. हात क्षणभर चुकला तर दोरावरच्या माणसांचा जीव जावा इतके जोखमीचे.

1811 साली किलिंगवर्थच्या नव्या खाणीत पाणी भरून राहिले होते. तेथील पंपाचे एंजिन वर्षभर धडपडत होते, जाणत्या मंडळींनी हात टेकले होते, आणि कामगारांना तळ दिसत नव्हता. जॉर्जने ते पाहिले, आपण ते दुरुस्त करू असे सांगितले, आणि मालकांनी निरुपायाने त्याच्या हाती ते सोपविले. त्याने थंड पाण्याच्या फवाऱ्याचे तोंड मोठे केले, पाण्याची टाकी उंच उचलली व वाफेचा दाब वाढविला. आठवडा संपण्यापूर्वी माणसे तळाशी उतरली. यात कोणताही नवा सिद्धांत नव्हता. बारातेरा वर्षे अशा एंजिनांचे श्वास ऐकलेल्या माणसाला हे एंजिन कोठे गुदमरते आहे ते कळले, इतकेच. पुढच्या वर्षी वार्षिक शंभर पौंडांवर त्याची खाणीचा ‘एंजिनराइट’ म्हणून नेमणूक झाली, आणि 1814 साली त्याने आपले पहिले आगगाडीचे एंजिन रुळावर आणले. यंत्रचालक एंजिनिअर झाला तो असा, कोणाच्या प्रमाणपत्रावाचून.

परंतु ह्या मार्गाने येणाऱ्यास काय द्यावे लागते, हे पुढील दोन प्रसंगांवरून कळते.

पहिला प्रसंग खाणीतील दिव्याचा. खाणीत साठणारा वायू उघड्या ज्योतीने पेट घेई व माणसे होरपळून मरत. 1815 च्या ऑक्टोबरात स्टीफन्सनने आपला सुरक्षित दिवा स्वतःच्या हाती धरून वायू सुटत असलेल्या जागी नेऊन पाहिला. त्याच सुमारास लंडनमध्ये थोर रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही याने प्रयोगशाळेत आपला जाळीचा दिवा सिद्ध केला. दोघेही स्वतंत्रपणे जवळजवळ एकाच ठिकाणी पोचले होते. डेव्हीला 2,000 पौंडांचे पारितोषिक मिळाले; स्टीफन्सनच्या वाट्यास 100 गिनी आल्या, आणि शिवाय, रसायनशास्त्राचा गंध नसलेल्या खाणकामगाराला असा शोध लागणे शक्य नाही, तेव्हा त्याने ती कल्पना चोरलीच असली पाहिजे, असा आरोपही आला. न्यूकॅसलच्या त्याच्या पाठिराख्यांनी चिडून 1,000 पौंडांची वर्गणी जमवून त्याला दिली. दिवा का चालतो याचे स्पष्टीकरण डेव्हीला देता येत होते, स्टीफन्सनला ते नीट देता येत नव्हते, ही गोष्ट मात्र खरी. आणि जगात श्रेय बहुधा स्पष्टीकरण देणाऱ्याकडे जाते.

दुसरा प्रसंग अधिक कडू आहे. 1825 साली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचे बिल पार्लमेंटपुढे आले. स्टीफन्सन चव्वेचाळीस वर्षांच्या घरात होता. विरुद्ध पक्षाचा वकील एडवर्ड आल्डर्सन याने समितीपुढे त्याची उलटतपासणी आरंभिली. मार्गाच्या पाहणीचे काम जॉर्जने हाताखालच्या माणसांवर सोपविले होते, जमीनदारांच्या विरोधामुळे ती पाहणी चोरूनमारून झाली होती, आणि तिचे आकडे त्याने स्वतः पडताळून पाहिले नव्हते. नदीची रुंदी किती, पुलाला कमानी किती, असल्या साध्या प्रश्नांनाही त्याला निश्चित उत्तरे देता येईनात. त्यातून त्याची उत्तरेकडील बोली लंडनच्या सभ्य मंडळींच्या थट्टेचा विषय झाली. बिल बारगळले, त्याचे काम गेले, आणि नवी पाहणी रेनी बंधूंकडे सोपविण्यात आली. वकिलाने अन्याय केला असे म्हणता येणार नाही. आकडे चुकीचेच होते. एंजिनच्या आवाजावरून दोष ओळखणाऱ्या कानाला जमिनीची पातळी ऐकू येत नाही. ती मोजावीच लागते.

पण त्याच समितीपुढे नामांकित साक्षीदारांनी असेही सांगितले होते की चॅट मॉस नावाच्या अफाट दलदलीवरून रेल्वे नेणे अशक्य आहे. 1826 साली दुसरे बिल मंजूर झाल्यावर कंपनीने स्टीफन्सनला परत बोलाविले, आणि त्याने झाडपाल्याच्या व फांद्यांच्या चटया अंथरून त्यावर जणू तरंगता मार्ग बांधला. 15 सप्टेंबर 1830 रोजी रेल्वे उघडली तेव्हा गाड्या त्याच दलदलीवरून गेल्या.

आपल्या एकुलत्या मुलाविषयी ह्या मनुष्याने कोणता निर्णय घेतला, हे पाहण्यासारखे आहे. रॉबर्टला त्याने न्यूकॅसलच्या चांगल्या शाळेत घातले. मुलगा तेथील वाचनसंस्थेतून पुस्तके घरी आणी आणि रात्री बापलेक मिळून ती वाचीत. बाप मुलाच्या निमित्ताने शिकला असे म्हणावयास हरकत नाही. शाळा संपताच मात्र त्याने मुलाला थेट विद्यापीठात धाडले नाही. प्रथम तीन वर्षे किलिंगवर्थच्याच खाणीत उमेदवारी, आणि मग 1822 साली एडिंबरोच्या विद्यापीठात एकच सत्र. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. 1829 साली रेनहिल येथील स्पर्धा जिंकणारे ‘रॉकेट’ एंजिन रॉबर्टच्या देखरेखीखाली न्यूकॅसलला तयार झाले. (त्याच्या बॉयलरात अनेक नळ्या घालण्याची कल्पना रेल्वे कंपनीच्या हेन्री बूथ या चिटणिसाची होती, तो ना यंत्रचालक, ना एंजिनिअर. इतिहास असा खोडकर असतो.)

विद्येनेही सर्व काही साधत नाही, याचा अनुभव रॉबर्टला 1847 च्या मे महिन्यात आला. चेस्टर येथे डी नदीवर त्याने रचलेला बिडाचा पूल गाडीखाली मोडला व पाच माणसे मेली. त्याच वर्षी बर्मिंगहॅम येथे यांत्रिक एंजिनिअरांची संस्था स्थापन झाली आणि तिचा पहिला अध्यक्ष म्हणून वृद्ध जॉर्जची निवड झाली. पुढील वर्षी तो वारला.

त्यानंतर दोन्ही मार्ग झपाट्याने दुरावले. एंजिनिअराची संस्था, परीक्षा, पदवी एकीकडे. यंत्र चालविणाऱ्याची पाळी व वेतन दुसरीकडे. मुंबईत हेच चित्र तयार स्वरूपात उतरले. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी 16 एप्रिल 1853 रोजी सुरू करणाऱ्या कंपनीचा सल्लागार एंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सनच होता. त्याच्याच हाताखाली तयार झालेला जेम्स बर्कली येथे मुख्य एंजिनिअर म्हणून आला. दुसऱ्याच वर्षी पुण्यास एंजिनिअरिंगचा वर्ग निघाला तो सार्वजनिक बांधकामाच्या खात्याला दुय्यम नोकर पुरविण्यासाठी. येथील विद्यार्थ्यापुढे जिना आला तो असा आधीच पायऱ्या ठरलेला.

ह्या दुराव्याची किंमत किती पडू शकते, हे अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रात 28 मार्च 1979 रोजी पहाटे चार वाजता दिसून आले. यंत्रणेतील एक झडप उघडली व पुन्हा मिटलीच नाही. तीतून अणुभट्टीचे थंड ठेवणारे पाणी वाहून जाऊ लागले. नियंत्रणकक्षातील दिवा मात्र झडप मिटल्याचे सुचवीत होता. तो दिवा झडपेची स्थिती दाखविण्यासाठी नव्हताच. झडपेला मिटण्याचा हुकूम गेला, एवढेच तो सांगत असे. पाळीवरच्या यंत्रचालकांनी जे शिकविले होते त्याप्रमाणे एका टाकीतील पातळीवर विश्वास ठेवला, पाणी जास्त झाले असे मानले, आणि आपत्काळासाठी आपोआप सुरू झालेला पाण्याचा प्रवाह स्वहस्ते कमी केला. अणुभट्टीच्या गाभ्याचा सुमारे अर्धा भाग वितळला.

पुढे चौकशीत आढळले की 1977 साली दुसऱ्या एका केंद्रात झडप अशीच उघडी राहिली होती. अणुभट्टी बनविणाऱ्या कंपनीतील एका एंजिनिअराने त्यावरून 1978 साली लेखी इशारा दिला होता की यंत्रचालक अशा वेळी पाणी चुकून बंद करतील, त्यांना स्पष्ट सूचना द्या. टिपण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेले. थ्री माइल आयलंडच्या पाळीवरील माणसांपर्यंत ते पोचले नाही. रचणाऱ्याला ठाऊक होते, चालविणाऱ्याला नव्हते.

त्या अपघातानंतर अमेरिकेच्या अणुनियमन मंडळाने प्रत्येक पाळीवर एंजिनिअरिंगची वा शास्त्राची पदवी किंवा तिच्या तोडीचे शिक्षण असलेला एक सल्लागार ठेवण्याची सक्ती केली. तो यंत्राला हात लावणारा नव्हे, शेजारी उभा राहून विचार करणारा. काही वर्षांत ह्या व्यवस्थेतील अवघडलेपण लक्षात आले, आणि 1985 साली मंडळाने केंद्रांना दुसरी वाटही मोकळी करून दिली: पाळीवरील वरिष्ठ यंत्रचालकांपैकीच एकाजवळ पदवी असेल तर दोन्ही कामे त्या एकाच माणसाने पाहावीत.