बाभळीची साल, लोणारचा खार आणि एक जुनी पर्स

डोणगावला आमच्या घरी माळ्यावरच्या पेटीत आईची चामड्याची पर्स होती. तिनं शाळेत नोकरीला लागल्यावर घेतलेली. तपकिरी, जाड चामड्याची, पितळी कडीची. गेल्या पावसाळ्यानंतर पेटी उघडली तेव्हा तिच्यावर पांढरट थर आला होता आणि कुबट वास येत होता. मी शिक्षक माणूस. स्वच्छतेचे धडे शिकवतो. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घातला, ब्रश घेतला आणि पर्स घासून काढली. वर उन्हात वाळत टाकली.

संध्याकाळपर्यंत तिचं झाकण काळंनिळं पडलं होतं आणि वाळलेल्या भाकरीसारखं कडक झालं होतं. वाकवलं तर तडा गेला.

आठवडी बाजारात चपला शिवायला बसणाऱ्या एका वयस्कर कारागिरांना मी ती दाखवली. त्यांनी पर्स हातात घेतली, कड नखानं खरवडून पाहिली आणि विचारलं, "गुरुजी, हे काय कापड हाय का?" मग म्हणाले, हे सालीत कमावलेलं चामडं आहे, याला खार चालत नाही. मला रसायनशास्त्रातली पदवी आहे. 'खार चालत नाही' याचा अर्थ मला तिथेच, रस्त्यावर उभ्याउभ्या कळला, आणि लाजही वाटली.

तो अर्थ समजून घेण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन. त्याचे लांब रेणू तीन-तीन पिळून दोरीसारखे गुंफलेले असतात. ओलं कातडं कुजतं, वाळवलं तर फळीसारखं होतं. ते कुजू नये आणि तरी मऊ राहावं, यासाठी जी प्रक्रिया करतात तिला आपण 'कमावणं' म्हणतो. महाराष्ट्रात ढोर समाजातले कारागीर हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले. कातडं आधी चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, म्हणजे केस सुटतात. मग ते खरवडून, धुऊन, चुना काढून टाकायचा. त्यानंतरची युक्ती मला फार आवडते. कातडं कडेनं शिवून त्याचीच पिशवी करायची, ती लाकडी तिकाटण्याला टांगायची आणि तिच्यात बाभळीची कुटलेली साल, हिरडा आणि पाणी भरायचं. पाणी कातड्यातून हळूहळू झिरपतं, खाली जमा होतं, ते पुन्हा वरून ओतायचं. वेगळा हौद नको, कातडं हेच भांडं. कोल्हापुरी चपलांचं चामडं परंपरेनं असंच कमावलेलं असतं.

सालीतलं काम करणारं द्रव्य म्हणजे टॅनिन. कच्चं पेरू किंवा हिरडा चावला की जीभ आक्रसते, तो तुरटपणा याच टॅनिनचा. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं. कातड्यातही तेच घडतं. टॅनिनचे रेणू कोलॅजेनच्या धाग्यांमध्ये शिरतात, पाण्याची जागा घेतात आणि धाग्यांना अनेक दुबळ्या बंधांनी एकमेकांशी बांधतात. हे बंध सौम्य आम्लतेत टिकतात. चांगल्या चामड्याचा सामू साधारण साडेतीन ते पाचच्या दरम्यान असतो. धुण्याच्या सोड्याचं पाणी अकराच्या आसपास. तसल्या पाण्यात टॅनिनचे बंध सैल होतात, टॅनिन विरघळून बाहेर येतं, हवेतला ऑक्सिजन घेऊन काळपट होतं, आणि चामड्यात मुरवलेलं तेल साबण होऊन वाहून जातं. उरतं ते जवळजवळ कच्चं कातडं. ते उन्हात वाळलं की काय होणार हे वर सांगितलंच आहे.

वर्गात हे दोन मिनिटांत दाखवता येतं. काळा चहा दोन कपांत घ्या. एकात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, दुसऱ्यात लिंबू पिळा. पहिला गडद होतो, दुसरा फिका. तिसऱ्या कपात एक-दोन गंजके खिळे टाकून रात्रभर ठेवा. चहा काळा होतो. लोखंड आणि टॅनिन मिळून काळं संयुग होतं. जुनी शाई याच तत्त्वावर बनत असे, आणि जुन्या पर्सवर लोखंडी बकलाभोवती जो काळा डाग दिसतो तोही हाच.

खाराची गोष्ट आमच्या भागात परकी नाही. डोणगाव मेहकर तालुक्यात, आणि शेजारी लोणार. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'ऐने अकबरी'त लोणारचा उल्लेख आहे: काच आणि साबण यांना लागणारे पदार्थ इथे मिळतात असं अबुल फजल नोंदवतो. सरोवराचं पाणी कडक अल्कधर्मी आहे, आणि त्यातून निघणारे क्षार पूर्वी दूरवर विकले जात. म्हणजे एकाच मुलखात एका हाताशी खार होता आणि दुसऱ्या हाताशी बाभूळ. कोणती वस्तू कशाजवळ न्यायची नाही, हे इथल्या माणसांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

आता जरा लांबची गोष्ट, कारण तिचा धागा पुन्हा आपल्याकडे येतो. एकोणिसाव्या शतकात लंडनमधल्या ग्रंथालयांत एक विचित्र गोष्ट दिसू लागली. पुस्तकांच्या चामडी बांधण्या लालसर भुकटी होऊन हाताला लागत. अथेनियम क्लबमधली पुस्तकं आणि खुर्च्या अशाच झिजल्या, तेव्हा १८४० च्या दशकात मायकेल फॅरडेला विचारण्यात आलं. त्यानं बोट ठेवलं ते दिव्यांच्या गॅसवर. कोळशापासून काढलेल्या गॅसमध्ये गंधक असे. तो जळला की सल्फर डायऑक्साइड होई आणि चामड्यात मुरून त्याचं सल्फ्युरिक आम्ल बने.

पण सगळंच चामडं सारखं का झिजत नव्हतं? लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्‌सनं १९०० मध्ये यासाठी समिती नेमली. तिच्या अहवालांत हिंदुस्थानातून जाणारं, सालीत कमावलेलं बकऱ्याचं चामडं सर्वांत लवकर झिजणाऱ्यांत निघालं. दक्षिणेत यासाठी तरवडाची साल वापरत. पिवळ्या फुलांचं हे झुडूप आपल्याही माळरानावर दिसतं. सुमाकच्या पानांनी कमावलेलं चामडं मात्र टिकलं. कारण असं की टॅनिनचे दोन मोठे गट आहेत. तरवड आणि बाभूळ यांच्या सालींतलं टॅनिन मुख्यतः एका गटातलं. ते आम्ल शोषून घेतं आणि लवकर लाल पडतं. सुमाक आणि हिरडा दुसऱ्या गटातले, ते आम्लाला जास्त तोंड देतात. आपल्या कारागिरांनी सालीबरोबर हिरडा का घातला असेल? रंग उजळतो हे एक कारण होतंच. टिकाऊपणाचाही त्यांना अनुभव असावा असं मला वाटतं, पण त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही.

लिहून ठेवलं नाही, कारण त्यांना लिहू दिलं नव्हतं. चामड्याच्या इतिहासात ही गोष्ट रसायनाइतकीच महत्त्वाची आहे. मेलेलं जनावर ओढण्याची सक्ती महारांवर, कातडं कमावायचं ढोरांनी, शिवायचं चांभारांनी. मोटेशिवाय विहिरीचं पाणी शेतात जात नव्हतं आणि मोट चामड्याची; पण मोट करणाऱ्याला त्याच गावात पाणवठ्यावर पाणी भरता येत नव्हतं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचं मांस खाणं सोडण्याचं आवाहन केलं; पुढं अनेक गावांत लोकांनी ढोरं ओढणंच बंद केलं. याउलट गांधीजींनी १९३४ मध्ये 'हरिजन'मध्ये गावच्या कातडी-धंद्याविषयी लिहिलं, आणि वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. तिथे मेलेल्या जनावरांचंच चामडं सुधारित पद्धतीनं कमावलं जाई. एकानं म्हटलं हे काम टाका, दुसऱ्यानं म्हटलं काम सुधारा. जुनी विद्या हरवते म्हणून हळहळताना, ती ज्यांच्या डोक्यावर लादली होती त्यांना ती टाकून द्यावीशी का वाटली, हे विसरून चालणार नाही. बाजारातल्या त्या कारागिरांचा मुलगा आज या धंद्यात नाही, आणि त्याचं त्यांना दुःख नाही.

धंदा बदलला तो क्रोमियममुळेही. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्‌झनं १८८४ मध्ये क्रोमियम क्षारांनी कमावण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आठवड्यांचं काम एक-दोन दिवसांवर आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ती पद्धत इथे रुजवायचे प्रयत्न केले. आजच्या बहुतेक पर्स क्रोम चामड्याच्या असतात. त्यांची कापलेली कड आतून निळसर-करडी दिसते, सालीच्या चामड्याची तपकिरी. कारागिरांनी नखानं कड खरवडून पाहिली ती यासाठी.

तर घरी जुनी पर्स साफ करायची झाली, तर आधी कड पाहा. मग कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडा. पांढरा थर बुरशीचा आहे की आतून वर आलेल्या स्निग्धाम्लांचा, हे ऊब दिली की कळतं: स्निग्ध थर वितळतो, बुरशी तशीच राहते. बुरशी असेल तर पर्स घराबाहेर नेऊन, नाकाला फडकं बांधून झाडा. त्यानंतर पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं सुती फडकं हलक्या हातानं फिरवा, तेही आतल्या कोपऱ्यात लहानशा जागी करून पाहिल्यावरच. लाल भुकटी सुटत असेल तर पाण्याचा थेंबही नको. तसलं चामडं ओलं झालं की काळं पडून आखडतं. वाळवायचं ते सावलीत, आत जुनं कापड भरून.

तेलाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आमच्याकडे घरात जवस आणि करडई असते आणि हात तिकडेच जातो. ही वाळणारी तेलं आहेत. हवेत त्यांचा चिकट, नंतर कडक पापुद्रा होतो. एरंडेल वाळत नाही. तेही दोन-चार थेंब, फडक्यावर घेऊन. ब्रिटिश म्युझियमनं एकेकाळी लॅनोलिन आणि मधमाशांच्या मेणाचं मिश्रण प्रसिद्ध केलं होतं, ते बरीच वर्षं जगभर वापरलं गेलं. आता संग्रहालयं सरसकट तेल-मेण लावणं टाळतात, कारण जास्त तेलानं धूळ धरते, रंग गडद होतो आणि झिजलेलं चामडं काही सुधारत नाही.

आईच्या पर्सचं झाकण पूर्ववत झालं नाही. कारागिरांनी तड्याच्या आतून पातळ चामड्याची पट्टी चिकटवून दिली, आणि बाकीच्या भागाला, सोडा न लागलेल्या, अगदी थोडं एरंडेल. ती आता माळ्यावर नाही, कपाटात आहे, सुती कापडात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका म्हणून त्यांनी बजावलं होतं. पैसे विचारले तर वीस रुपये म्हणाले.