परक्या शहरांतील इराण

मुंबईकरांस इराणी माणूस भेटला तो चहाच्या दुकानांत. अमेरिकेंतील सामान्य वाचकांस तो भेटला वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर. या दोन भेटींतील अंतर ध्यानांत घेतल्यावांचून रॉन केली या छायाचित्रकाराच्या कार्याचें मोल कळणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १९७९ मध्यें इराणांत राज्यक्रांति झाली. त्याच वर्षीं ४ नोव्हेंबर रोजीं विद्यार्थ्यांनीं तेहरान येथील अमेरिकन वकिलातीचा ताबा घेतला, आणि ५२ अमेरिकन माणसें ४४४ दिवस ओलीस राहिलीं. त्या काळांत अमेरिकेनें इराणी चेहरे पाहिले ते वळलेल्या मुठी व जळतीं निशाणें यांच्या सोबतीनें. परंतु त्याच सुमारास, त्या क्रांतीमुळें देशोधडीस लागलेलीं हजारों कुटुंबें लॉस एंजलिस शहरांत नवा संसार थाटीत होतीं. ज्या राजवटीच्या भयानें त्यांपैकीं अनेकांनीं घर सोडलें, तिच्याच कृत्यांचा डाग परमुलखांत त्यांच्या माथीं बसला, हा दैवदुर्विलास नव्हे काय?

केली यांनीं पूर्वीं कॅलिफोर्नियांतील येमेनी शेतमजुरांचीं छायाचित्रें घेतलीं होतीं. पुढें त्यांनीं या इराणी वसाहतीच्या नित्याच्या जीवनाकडे कॅमेरा वळविला. जोनाथन फ्रीडलँडर यांच्यासह त्यांनीं संपादिलेला ‘इरँजलिस’ हा ग्रंथ १९९३ मध्यें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेनें प्रसिद्ध केला. त्यांत विद्वानांचे लेख व छायाचित्रें एकत्र आहेत, आणि ही योजना आम्हांस फार उचित वाटते.

कारण वर्तमानपत्रानें ज्याला एकच ‘इराणी’ म्हटलें, तो समाज मुळांत एकजिनसी नव्हताच. त्यांत मुसलमान होते, यहुदी होते, आर्मेनियन ख्रिस्ती होते, बहाई व जरथुष्ट्रीही होते. कोणी राजनिष्ठ, कोणी डाव्या विचाराचे, कोणी राजकारणास विटलेले. प्रार्थनास्थळें वेगळीं असलीं तरी नवरोज हा सण त्यांतील बहुतेकांचा सामाईक. वसंतसंपातीं ‘सीन’ या अक्षरानें आरंभ होणाऱ्या सात वस्तु मांडाव्या, तेराव्या दिवशीं घराबाहेर पडून हिरवळीवर भोजन करावें, ही रीत लॉस एंजलिसच्या उद्यानांतही टिकली.

छायाचित्र सत्य सांगतें, परंतु संपूर्ण सत्य सांगत नाहीं. जें दार उघडलें तेवढेंच तें दाखवितें. मायदेशीं राहिलेल्या आप्तांच्या काळजीनें ज्यानें तोंड फिरविलें, त्याची व्यथा लेखणीनेंच सांगावी लागते. तथापि राज्यक्रांतीच्या इतिहासांत तहनामे, फर्मानें व फौजा यांचीच गर्दी होते. तिनें उखडलेल्या माणसानें दुसऱ्या वर्षीं सण कोठें साजरा केला, हें त्यांत सांपडत नाहीं. तें जपून ठेवणाऱ्या छायाचित्रकारास इतिहासकारांच्या पंक्तींत पाट मांडण्यास आमची कांहींच हरकत नाहीं.