विरजण कोणाच्या घरचें?

घरचें विरजण बिघडलें कीं वाटी घेऊन शेजारीं जावें, हा आपल्याकडील जुना परिपाठ. त्या विरजणाचें दहीं लागलें म्हणजे दुसऱ्या दिवसापासून तें आपल्याच घरचें होतें. शेजारणीचें नांव त्याला कोणी लावीत नाहीं. मद्यासारख्या विषयाच्या आरंभीं दह्याचा दाखला दिल्याबद्दल सोवळे वाचक आम्हांस क्षमा करोत. परंतु बेल्जियममधील एका नामांकित बिअरची कुळकथा सांगावयाची, तर याहून चपखल दाखला आम्हांस सुचत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही ब्रसेल्स शहरीं गेलों असतां तेथील एका अध्यापक मित्रानें सायंकाळीं आम्हांस एका कॅफेंत नेलें आणि दोन बाटल्या समोर मांडविल्या. पहिली 'डूव्हेल'. रंग फिक्या सोन्याचा. फेस असा कीं घुसळलेल्या ताकावर लोणी चढावें तसा पेल्याच्या कांठापर्यंत चढून बसला. वास पिकल्या नासपतीचा, त्यांत किंचित् मिरीचा भास. चव प्रथम गोडसर वाटते न वाटते तोंच कोरडी होऊन जिभेच्या मुळाशीं कडवटपणा ठेवून जाते. दुसरीचें नांव नुसतें 'स्कॉच', आणि तिचा पेला स्कॉटलंडच्या थिसल फुलाच्या घाटाचा. ही तांबूस काळी; वास भाजलेल्या जवाचा आणि काकवीचा; कडूपणा नांवापुरता. हिचा घोट घाईनें घेण्याचा नव्हे. आम्हांस, खरें सांगावयाचें तर, हीच अधिक आवडली. मित्र हंसून म्हणाला, "पहिली आमची, दुसरी त्यांची."

ही वांटणी इतिहासास मान्य नाहीं.

स्कॉटलंडांत जव उत्तम पिकतो, एडिंबरो शहराखालच्या विहिरींचें क्षारयुक्त पाणी बिअरला मानवतें, आणि हवा थंड असल्यामुळें तेथील जुने कारागीर इंग्लंडपेक्षां कमी उष्णतेवर, सावकाश आंबवीत. पिंपाच्या किंमतीवरून ६०, ७०, ८०, ९० शिलिंगांची अशीं बिअरचीं नांवें पडलीं. शिलिंग जास्त तितकी ती कडक. हॉप्सचीं कडू फुलें त्या देशांत होत नाहींत, म्हणून तेथील बिअर गोड, असें सर्रास सांगण्यांत येतें. परंतु याच एडिंबरोहून एकोणिसाव्या शतकांत हॉप्सनें कडू केलेली फिकी बिअर हिंदुस्थानांतील गोऱ्या लोकांसाठीं जहाजांनीं येत असे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ती उपपत्ति लंगडी पडते. विल्यम मॅक्युअन यानें १८५६ सालीं त्या शहरांत काढलेल्या 'फाउंटन' कारखान्याचा पुष्कळ उत्कर्ष अशा परदेशच्या व्यापारावरच झाला.

आतां बेल्जियमकडे वळूं. पहिल्या महायुद्धांत जर्मनांनीं तेथील कारखान्यांतून बिअर शिजविण्याचीं तांब्याचीं भांडीं उचलून नेलीं. युद्ध संपतें तोंच १९१९ सालीं व्हँडरव्हेल्डे या मंत्र्याच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा आला. पिठ्यांत ब्रँडी-जिनसारखी ऊर्ध्वपातित दारू विकण्यास बंदी झाली, व दुकानांतून ती एका वेळीं दोन लिटरांहून कमी मिळेना. गरीब मजुरानें दारू सोडावी हा हेतु. मजुरानें दारू सोडली, आणि तितक्याच कडक बिअरची मागणी सुरू केली! हा कायदा १९८३ पर्यंत टिकला. कायदे करणाऱ्यांचे हेतु एका वाटेनें आणि फळें दुसऱ्या वाटेनें जातात, याचें याहून बोलकें उदाहरण क्वचितच आढळेल.

या सुमारास ब्रिटिश बनावटीच्या कडक बिअरला तेथें मोठी चलती होती. ब्रेंडोंक गांवीं १८७१ पासून मोर्टखाट घराण्याचा कारखाना होता. त्यांपैकीं आल्बर्ट मोर्टखाट हा स्कॉटलंडांत जाऊन दुधाच्या किटलींतून किण्व, म्हणजे ज्याला आपण यीस्ट म्हणतों तें, घेऊन आला, असें कारखान्याकडून सांगण्यांत येतें. विजयाच्या स्मरणार्थ त्या बिअरचें नांव 'व्हिक्टरी एल' ठेविलें, पुढें एका चांभारानें ती चाखून "हा तर खरा सैतान!" असे उद्गार काढल्यावरून १९२३ सालीं तिला 'डूव्हेल', म्हणजे सैतान, हें नांव मिळालें.

दुसरी हकीकत अशी कीं, लुव्हें विद्यापीठाचे प्राध्यापक जां द क्लेर्क यांनीं मॅक्युअनच्या बाटलींतील किण्वाचें पृथक्करण करून योग्य तेवढें निवडून दिलें. या दोन हकीकतींचा मेळ घालतांना पुष्कळांचा घोंटाळा होतो. द क्लेर्क जन्मले १९०२ सालीं. अर्थात् किटलीच्या वेळीं ते कोवळे विद्यार्थीच असणार. तेव्हां किटली आधीं व सूक्ष्मदर्शक मागाहून, असाच क्रम धरला पाहिजे. या गृहस्थांनीं शिमे येथील मठवासी साधूंसही किण्व शोधण्यांत साह्य केलें, आणि १९७८ सालीं वारल्यावर त्यांचें दफन त्याच स्कुर्मोंच्या मठांत झालें. प्राध्यापकवर्गाच्या वांट्यास असे सन्मान फारसे येत नाहींत!

प्रारंभीं डूव्हेल गडद रंगाची होती. आजचें सोनेरी रूप १९७० च्या सुमाराचें. तिच्यांतील हॉप्सच्या जाती बोहेमिया व स्लोव्हेनियाकडच्या. पण किण्व तें स्कॉटलंडचेंच. आणि एडिंबरोचा तो फाउंटन कारखाना? तो २००४ सालीं बंद झाला. मूळ घराची चूल विझली. वाटी नेणाऱ्या घरीं मात्र दहीं रोज लागत आहे.

ही सारी हकीकत आम्हीं त्या सायंकाळीं मित्रास सांगितली. तो बराच वेळ बोलला नाहीं. डूव्हेलच्या बाटलीच्या तळाशीं बोटभर गढूळ पेय राहिलें होतें. त्यांत किण्वाचा गाळ असतो, म्हणून सहसा तें पेल्यांत ओतीत नाहींत. त्यानें बाटली हलवून तें आपल्या पेल्यांत ओतून घेतलें, दिव्यासमोर धरून पाहिलें, आणि पिऊन टाकलें.