सी भाषेत तारखेचे सेकंद कसे होतात?

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन झालं आणि वसई-विरारकरांच्या पत्त्यात पालघर जिल्हा आला. त्या दिवसाची सुरुवात संगणकाला विचारली, तर तो सांगेल: १४०६८३१४००. १ जानेवारी १९७० रोजी यूटीसीप्रमाणे मध्यरात्र झाली, तिथपासून मोजलेले हे सेकंद. सी भाषेत हा आकडा 'टाइम_टी' या प्रकारात ठेवतात. १९७० हे वर्ष सीच्या मानकात नाही, ती युनिक्सची प्रथा; पण लिनक्स, विंडोज सगळीकडे तीच चालते.

तारखेचा आकडा करायचं काम 'एमकेटाइम' हे फंक्शन करतं. आधी 'स्ट्रक्ट टीएम'मध्ये वर्ष, महिना, दिवस भरायचे. पहिली फसगत इथेच होते. वर्ष १९०० पासून मोजतात, म्हणून २०१४ साठी ११४ लिहायचं. महिने शून्यापासून, म्हणून ऑगस्ट म्हणजे ७. दिवस मात्र सरळ १! ८ लिहिलंत तर सप्टेंबर होतो आणि कोणी तक्रारही करत नाही. ३१ फेब्रुवारी दिली, तरी एमकेटाइम गुपचूप मार्चमधली तारीख करून टाकतं. म्हणजे तारीख खरी आहे का, हे आपणच तपासायचं. स्ट्रक्ट आधी शून्याने भरून घ्या, नाहीतर उन्हाळी वेळेच्या 'टीएम_आयएसडीएसटी' या रकान्यातला कचरा तासाभराचा फरक पाडू शकतो.

दुसरी फसगत जास्त महागात पडते. एमकेटाइम तारीख स्थानिक वेळेची समजतं, आणि स्थानिक म्हणजे ते मशीन ज्या वेळेवर लावलंय ती. वसईत मध्यरात्रीचे बारा वाजतात तेव्हा यूटीसीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा असतात. त्यामुळे यूटीसीवर लावलेला सर्व्हर याच तारखेचं उत्तर १४०६८५१२०० देतो, १९८०० सेकंद जास्त. उलट, भारतीय वेळेने साठवलेली १ ऑगस्टची जन्मतारीख तिथे ३१ जुलै दिसते. भरतीच्या अर्जात वयाची अट असेल, तर हा एक दिवस उमेदवाराला बाहेर काढू शकतो.

म्हणून जन्मतारखेचे सेकंद करूच नयेत. वर्ष-महिना-दिवस असेच ठेवावेत. नेमका क्षण हवा असेल, तर प्रोग्रॅमला 'आशिया/कोलकाता' ही वेळ स्पष्ट सांगावी. किंवा यूटीसी धरून चालणारं 'टाइमजीएम' वापरून १९८०० वजा करावेत. हे फंक्शन लिनक्सवर जुनंच आहे, सीच्या मानकात मात्र सी२३ मध्ये आलं.

एमकेटाइम चुकलं तर उणे १ परत देतं. गंमत म्हणजे उणे १ हाही खरा क्षण आहे: १ जानेवारी १९७०, भारतीय वेळ पहाटे ५:२९:५९.

जुन्या ३२ बिटांच्या टाइम_टीमध्ये १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८:४४:०७ नंतरचा आकडा मावत नाही, आणि मागे डिसेंबर १९०१ च्या पलीकडे जाता येत नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेल्या वसई किल्ल्याची तारीख साठवायची, तर ६४ बिटच लागतात.