चित्रा झडप
हृदयाची भारतीय बनावटीची कृत्रिम झडप. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली विकसित. डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवली. धातूच्या कड्यातली प्लास्टिकची चकती कलून रक्ताला एकाच दिशेने वाट देते. संधिवाती तापाने झडपा निकामी झालेल्या गरीब, तरुण रुग्णांना परदेशी झडप परवडत नसे. अशांना झडप परवडू लागली, हेच या कामाचे खरे मोल. झडपेवर गुठळी धरू नये म्हणून वॉरफरिन किंवा असेनोकूमॅरॉल हे रक्त गोठू न देणारे औषध जन्मभर घ्यावे लागते. त्याची मात्रा आयएनआर या रक्तचाचणीवरून ठरते. मिट्रल (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या) झडपेसाठी आयएनआर साधारण २.५ ते ३.५ राखतात. पालक-मेथीने या औषधाचा परिणाम घटतो; ती वर्ज्य नाही, पण खाण्यात एकदम कमीजास्त नको. अंगदुखीची गोळी परस्पर घेणे, दात काढताना औषध मनाने थांबवणे जिवावर बेतू शकते. वॉरफरिन गर्भालाही बाधते, म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे.