तारखांच्या रांगेत पिंपरी-चिंचवड

दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून सुरुवात करू. ४ मार्च १९७० आणि १४ मार्च १९७२. पहिल्या तारखेला पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून एक नगरपालिका झाली. अण्णासाहेब मगर तिचे पहिले नगराध्यक्ष. दुसऱ्या तारखेला राज्य सरकारने त्याच परिसरात पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन केले. मधले अंतर दोन वर्षे आणि दहा दिवसांचे. या शहरात नियोजन करणारे आणि निवडून येणारे यांचा मेळ का बसला नाही, याची सुरुवात मला या दोन तारखांत दिसते.

मेळ बसला नाही की आपण माणसांना बोल लावतो. नगरसेवकांना दूरदृष्टी नाही, अधिकाऱ्यांना लोकांची कदर नाही. मी इथे माणसांची पारख करत नाही. अधिनियम, राजपत्रातल्या अधिसूचना आणि योजनांच्या मंजुरीच्या तारखा एवढाच माझा आधार आहे. हे कागद क्रमाने लावले तर शहराचा इतिहास बऱ्यापैकी उभा राहतो, आणि तो स्वभावांपेक्षा क्रमाविषयी अधिक बोलतो. जमिनीवर आधी कोण पोहोचले आणि नकाशा कधी पोहोचला, हे त्यात नोंदलेले आहे.

सर्वांत आधी कारखाना आला. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, आणि स्वतंत्र भारतातले सरकारी औषधनिर्मितीचे पहिले मोठे केंद्र या माळरानावर आले. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडची एमआयडीसी, स्थापन झाली. पाठोपाठ भोसरी-पिंपरी-चिंचवडच्या शिवारात औद्योगिक वसाहत वसू लागली. तोवर तिथे कारभार होता तो ग्रामपंचायतींचा. पाणी, रस्ते, दिवाबत्ती यांपलीकडचे फारसे अधिकार त्यांच्याकडे नव्हते आणि तेवढा पैसाही नव्हता.

राज्याला याची जाणीव होती. मार्च १९६५ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. मुंबई-पनवेल आणि पुणे या महानगर प्रदेशांच्या नियोजनाची तत्त्वे ठरवणे हे तिचे काम होते. शहर हद्दीत मावत नाही, म्हणून हद्दीबाहेरच्या प्रदेशाचाही एकत्र विचार व्हावा, हा त्यामागचा विचार. त्यातूनच महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आला. आजही महाराष्ट्रातल्या शहरांची विकास योजना, म्हणजे डीपी, तिच्यातली आरक्षणे आणि बेकायदा बांधकामाच्या बऱ्याच नोटिसा याच अधिनियमातून निघतात.

हा अधिनियम काळजीपूर्वक वाचला की त्यात दोन हात दिसतात. एक हात अधिकार देतो. विकास योजना तयार करण्याचा पहिला मान स्थानिक स्वराज्य संस्थेचा. प्रारूप प्रसिद्ध झाले की लोकांच्या हरकती-सूचना येणार, आणि त्या ऐकायला कलम २८ खाली नियोजन समिती बसणार. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. म्हणजे नगररचनेचे ज्ञान असलेला माणूस आणि मतदाराला तोंड देणारा माणूस एका टेबलाशी बसावेत, ही तरतूद कायद्याने केली आहे. दुसरा हात तोच अधिकार काढूनही घेऊ शकतो. कलम ४० खाली एखाद्या भागासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमता येते, कलम ११३ खाली नवनगर विकास प्राधिकरण. असे प्राधिकरण आले की त्या क्षेत्रापुरते नियोजन त्याच्या हाती जाते, आणि त्याचा अध्यक्ष सरकार नेमते.

पिंपरी-चिंचवडमध्ये दुसरा हात दोन वर्षांत पुढे आला. कामगारांना परवडणारी, नीट आखलेली घरे मिळावीत हा प्राधिकरणाचा हेतू, आणि तो चांगलाच होता. आकुर्डी, निगडी, चिंचवड, थेरगाव, वाकड, रहाटणी, रावेत, चिखली, मोशी आणि भोसरी या दहा गावांतले मिळून सुमारे ४,३०० हेक्टर क्षेत्र त्यासाठी अधिसूचित झाले. निगडी-आकुर्डीच्या पेठा आजही रुंद रस्ते, झाडी आणि मोकळ्या जागांसाठी ओळखल्या जातात. ‘प्राधिकरणात राहतो’ असे सांगताना माणसाच्या आवाजात थोडा अभिमान असतो, आणि तो रास्त आहे.

पण अधिसूचना निघणे आणि जमीन ताब्यात येणे यांत वर्षे जातात. अधिसूचित क्षेत्राचा मोठा भाग प्राधिकरणाच्या हाती आलाच नाही. शेतकऱ्याचा सातबारा संपादनाच्या सावलीत गेला. जमीन पिकवायची तर उद्याचा भरवसा नाही, रीतसर प्लॉट पाडायचे तर परवानगी नाही. दुसऱ्या बाजूला कारखान्यांत रोज माणसे येत होती, सातारा-सोलापूरकडून, मराठवाड्यातून, खानदेशातून, पुढे उत्तरेतूनही. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख १७ हजार होती. २०११ मध्ये ती १७ लाख २७ हजारांवर गेली. या माणसांनी त्याच शेतकऱ्यांकडून गुंठा, अर्धा गुंठा घेतला. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे इतक्या लहान तुकड्याची नोंदणी सहज होत नव्हती, म्हणून व्यवहार स्टॅम्पपेपरवर, नोटरीपुढे झाला.

अशा घरात एक फाइल असते. तीत नोटरीचा कागद, वीजबिल आणि महापालिकेची मिळकतकराची पावती. बांधकाम परवानगी तेवढी नसते. इतिहास लिहिणाऱ्याला ही फाइल राजपत्राइतकीच महत्त्वाची, कारण एकाच घराला शहराच्या दोन यंत्रणांनी दोन उत्तरे दिल्याचा तो पुरावा आहे. कराच्या नोंदवहीत ते घर होते. प्राधिकरणाच्या नकाशावर तिथे मोकळी जमीन होती. कर घेणाऱ्या संस्थेला मत देता येत होते. परवानगी देणाऱ्या संस्थेत मतदाराला दाद मागायला कोणी निवडून दिलेला माणूस नव्हता. नगरसेवकाने नळ आणला, गटार आणले, रस्ता डांबरी केला, तेवढेच त्याच्या हाती होते. घर कायदेशीर करणे त्याच्या हाती नव्हते.

आता पुढच्या तारखा. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी नगरपालिकेची महापालिका झाली, पण तिची पहिली निवडणूक १९८६ मध्ये झाली. चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती. १८ सप्टेंबर १९९५ रोजी महापालिकेच्या जुन्या हद्दीची विकास योजना मंजूर झाली. तीत ३० मीटर रुंदीचा रिंगरोड आखलेला होता. कागदावर तो शहराभोवती फिरत राहिला आणि जमिनीवर त्याच्या रेषेत घरे उठत गेली. २०१७ मध्ये ती पाडण्याच्या हालचाली सुरू झाल्या तेव्हा हजारो कुटुंबे रस्त्यावर उतरली. योजना मंजूर झाली तेव्हा जन्मलेली मुले एव्हाना बावीस वर्षांची होती.

१९९७ मध्ये १८ गावे महापालिकेत आली. त्यांची विकास योजना मंजूर व्हायला २००८-०९ उजाडले. त्या दहा-अकरा वर्षांत त्या गावांत वस्ती थांबली नाही, कारण कारखाने थांबले नव्हते. २००८ मध्येच महापालिका कायद्यात शास्तीकर आला, म्हणजे अवैध बांधकामाला दुप्पट कराची शिक्षा. २०१७ मध्ये नगररचना अधिनियमात कलम ५२-अ घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामे अटींवर नियमित करण्याची वाट काढली गेली. २०२३ मध्ये शास्तीकर रद्द झाला. दंड, मग नियमितीकरण, मग माफी. यातले नियमितीकरण आणि माफी लोकप्रतिनिधींच्या रेट्याने झाली, आणि तो रेटा खोटा नव्हता. पण प्रत्येक निर्णय घरे उभी राहिल्यानंतरचा आहे. निवडून आलेल्या माणसाला नियोजनाच्या टेबलाशी जागा नव्हती, म्हणून त्याने आपली सगळी ताकद सवलत मिळवण्यात घातली.

७ जून २०२१ रोजी अधिसूचना निघाली आणि नवनगर विकास प्राधिकरण विसर्जित झाले. बरेचसे क्षेत्र महापालिकेकडे आले, उरलेल्या मोकळ्या जमिनी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे गेल्या. १९७२ ते २०२१, एकोणपन्नास वर्षे.

पण तोवर हाच पेच उत्तरेला चाकणकडे सरकला होता. नाशिक रस्त्यावर इंद्रायणी ओलांडली की महापालिकेची हद्द मागे पडते आणि चाकणचा पट्टा सुरू होतो. बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे मोठे कारखाने इथे आहेत. एमआयडीसीच्या टप्प्यांत नियोजन एमआयडीसीचे, चाकण गावात नगरपरिषदेचा कारभार, भोवतालच्या गावांत ग्रामपंचायती आणि त्यांच्या डोक्यावर पीएमआरडीए, मधून जाणारा महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत. चाकणच्या तळेगाव चौकात तासभर अडकलेल्या कामगाराला या सगळ्या यंत्रणांशी काम पडते. त्याच्या मतावर निवडून येणारी माणसे मात्र त्यांतल्या सर्वांत कमी अधिकार असलेल्या संस्थांत बसतात.

यावर उपाय घटनेतच आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी लागू झाली. तिने महानगर क्षेत्रासाठी नियोजन समिती सांगितली आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक व पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडून द्यावेत असे बजावले. पीएमआरडीए ३१ मार्च २०१५ रोजी स्थापन झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याने संपूर्ण प्रदेशाची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध केली. पुणे महानगर नियोजन समितीच्या तीस जागांची निवडणूक झाली नोव्हेंबर २०२१ मध्ये.

हा क्रम दोनदा वाचावा असा आहे. नकाशा ऑगस्टमध्ये, नकाशाचा विचार करणारे नोव्हेंबरमध्ये. योजनेवर सुमारे ६७ हजार हरकती आल्या. आपल्याला विचारलेच नाही, असे म्हणत समितीचे सदस्य उच्च न्यायालयात गेले. २०२५ मध्ये राज्य सरकारने ही प्रारूप योजना रद्द करत असल्याचे न्यायालयाला सांगितले. अनेक वर्षांचे सर्वेक्षण, नकाशे आणि सुनावण्या वाया गेल्या. चाकणचा चौक जिथे होता तिथेच राहिला.

शहरातही तेच. पिंपरी-चिंचवड महापालिकेत २०१७ मध्ये निवडून आलेल्या १२८ नगरसेवकांची मुदत १३ मार्च २०२२ रोजी संपली. जानेवारी २०२६ मधल्या निवडणुकीपर्यंत प्रशासक होता. या काळातल्या ठरावांची रीत वेगळी होती. महापालिकेत प्रस्ताव आयुक्त मांडतात आणि सभा तो मंजूर करते. आयुक्तच प्रशासक असल्याने आता मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता. मध्ये कोणी उठून ‘माझ्या प्रभागात या सर्व्हे नंबरवर शाळा आहे’ असे म्हणणार नव्हते.

याच काळात, १४ मे २०२५ रोजी, संपूर्ण शहराची नवी प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली. तिच्यावरच्या हरकती ऐकणाऱ्या समितीत ज्या स्थायी समितीचे तीन सदस्य असायला हवेत, ती स्थायी समितीच तेव्हा अस्तित्वात नव्हती. तीन दिवसांनी, १७ मे रोजी, चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले गेले. हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवल्यानंतरची ती कारवाई होती. पूररेषेत घर नको हा नियम योग्यच आहे, नदीला तिची जागा हवीच. पण ती रेषा प्लॉट विकला जाण्याआधी, पाया खोदण्याआधी त्या माणसाच्या दारात पोहोचायला हवी होती. ते पोहोचवणे नियोजन खात्याचे आणि नगरसेवकाचे मिळून एकच काम आहे.

समन्वय हा शब्द आपल्याकडे बैठकीशी जोडलेला आहे. मंत्रालयात बैठक झाली, समन्वय साधला, फोटो आला. इथल्या कागदांवरून समन्वयाची वेगळी व्याख्या निघते. निवडून आलेली माणसे जाग्यावर असताना प्रारूप त्यांच्यापुढे येणे, आणि वस्ती पोहोचण्याआधी मंजूर नकाशा जमिनीवर पोहोचणे. पन्नास वर्षांत इथे ही रांग बहुतेक वेळा उलटी लागली. चाकणच्या पट्ट्याला नवी महापालिका द्यावी असे आता बोलले जाते. ती होईल तेव्हा होईल. प्रदेशाची पुढची योजना आखताना आधी महानगर नियोजन समिती बसवा, मग पेन्सिल हातात घ्या. यासाठी नवा कायदा लागत नाही, आहे तोच क्रमाने पाळावा लागतो.

शेवटी एक गठ्ठा. शहराच्या २०२५ च्या प्रारूप योजनेवर सुमारे ५० हजार हरकती आल्या. सभागृह नसलेल्या त्या काळात शहर काय बोलले, याची नोंद सभावृत्तांतात नाही, या अर्जांत आहे. कोणत्या सर्व्हे नंबरवर घर आहे, कोणत्या आरक्षणाखाली विहीर जाते, कोणत्या रस्त्याने शाळा कापली जाते, हे सारे लोकांनी स्वतःच्या अक्षरांत लिहून पोचपावतीचा शिक्का घेऊन दिले आहे. नव्या नगरसेवकांनी आपल्या प्रभागाचा गठ्ठा मागून घ्यावा आणि प्रत्येक अर्जावर झालेला निर्णय लोकांना वाचायला मिळेल असे पाहावे. ज्या टेबलाशी ते तेव्हा नव्हते, तिथले बोलणे या कागदांत शिल्लक आहे.