चेक घेताना काय लिहून दिलंत?

जमीन संपादनात गेली की पारावर पहिला प्रश्न ठरलेला : "गुंठ्याला किती बसला?" पैसे घेताना कागदावर काय लिहून दिलं, हे कुणी विचारत नाही. मला विचाराल तर वाढीव मोबदल्याच्या लढाया बऱ्याचदा तिथेच हरल्या गेल्या.

१८९४ चा कायदा घ्या. निवाड्यातला भाव पटला नाही तर कलम १८ खाली कोर्टात दाद मागता येई. पण थेट नाही. अर्ज कलेक्टरकडेच द्यायचा आणि त्याने तो कोर्टाकडे पाठवायचा. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत फक्त सहा आठवडे. आणि पैसे निषेध नोंदवून घेतले नसतील तर दार बंद. मुकाट्याने घेतले म्हणजे भाव मान्य! सही म्हणजे अंगठा असलेल्या माणसाला हे कोण सांगणार होतं?

कलम २५ तर याहून जाचक. सुरुवातीच्या नोटिशीला उत्तर देताना जो आकडा टाकला, त्याच्या वर कोर्टाला जाता येत नसे. सबळ कारणाशिवाय आकडाच टाकला नसेल, तर कलेक्टरने दिलं त्यापेक्षा एक पैसाही जास्त नाही. ही अट ९० वर्षं टिकली.

हायकोर्टाच्या वर जायचा हक्कही आधी नव्हता. रंगूनच्या एका कंपनीच्या खटल्यात १९१२ साली प्रिव्ही कौन्सिलने तसं स्पष्टच सांगितलं. १९२१ च्या दुरुस्तीने तो मिळाला. (त्याच साली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पण मावळ्यांचं भांडण भावाचं नव्हतंच, जमिनीचं होतं.)

खरा बदल १९८४ चा. कलम २५ मधली ती मर्यादा गेली, दिलासा रक्कम १५ वरून ३० टक्के झाली आणि कलम २८-अ आलं. शेजाऱ्याने कोर्टात भाव वाढवून घेतला, तर त्याच अधिसूचनेतल्या पण कोर्टात न गेलेल्या शेतकऱ्यालाही तीन महिन्यांत अर्ज करून त्या आधारे वाढ मागता येऊ लागली. मुकाट्याने पैसे घेणाऱ्यालासुद्धा.

तरी कोर्ट फी होतीच. अपिलात जेवढी वाढ मागायची, तेवढ्यावर फी. म्हणून माणूस मुळात मागायचाच कमी. चंदीगडच्या शेतकऱ्यांनी अशीच कमी फी भरली होती. १९८५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, राहिलेली फी भरून घ्या आणि शेजाऱ्यांना मिळाला तो भाव यांनाही द्या. सरकारने तांत्रिक मुद्द्यावर हात झटकू नयेत.

आणि गंमत बघा. उशीर माफ करून घ्यायला वकील आजही १९८७ चा अनंतनागचा निकाल दाखवतात. तोही भूसंपादनाचाच. वाढीव मोबदल्याविरुद्धच्या त्या अपिलाला चार दिवस उशीर झाला होता, आणि उशीर करणारं होतं खुद्द सरकार!

१ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा आहे. दिलासा १०० टक्के झाला. पण सहा आठवडे तसेच आहेत (कलम ६४) आणि निषेधाची अटही तशीच (कलम ७७). महामार्गाचं प्रकरण वेगळं, तिथे लवादाकडे जावं लागतं, त्यावर पुन्हा लिहीन. तोवर ज्यांच्या नोटिसा आल्यात त्यांनी एवढं करा : पावतीवर 'निषेध नोंदवून रक्कम स्वीकारली' असं स्वतःच्या हाताने लिहा, तारीख टाका, प्रत ठेवा. आणि सहीला आलेला कागद संमतीचा नाही ना, ते आधी कुणाकडून तरी वाचून घ्या.